एज ऑफ एम्पायर्स २ : रँक्डमध्ये सारखा हरतोय. हरण्यातून शिकायचं म्हणजे नक्की काय करायचं?

भिडस्त_स्काउट (पिंपरी)

नमस्कार मंडळी. इथे एज ऑफ एम्पायर्स २ (गाव वसवून सैन्य उभारायचा संगणकावरचा खेळ) रँक्ड, म्हणजे रेटिंगसाठी, खेळणारे कुणी असतील तर मदत हवी आहे.

कॉलेजात हॉस्टेलच्या लॅनवर आम्ही जुनी आवृत्ती खेळायचो. आमच्या मजल्यावर मला हरवणारं कुणी नव्हतं. नोकरी लागल्यावर बरा लॅपटॉप घेतला, डेफिनिटिव्ह एडिशन (नवी आवृत्ती) घेतली, एक्स्ट्रीम एआयला, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात कठीण पातळीला, हरवायला लागलो आणि वाटलं, चला, आता खऱ्या माणसांशी खेळू. रँक्ड एकास-एक लावलं. सुरुवातीला सगळ्यांना मिळतं तसं मलाही १००० रेटिंग मिळालं. आता ७८०च्या आसपास आहे.

अडचण फक्त रेटिंगची असती तर एवढं लिहिलं नसतं. सामना शोधायचं बटण दाबायच्या आधी छातीत धडधडतं. सामना मिळाला की पहिल्यांदा समोरच्याचं रेटिंग बघतो. ते माझ्यापेक्षा पन्नासने जास्त दिसलं तरी हात गार पडतात. मग मी मुकाट्याने बाहेर येऊन एआयबरोबर खेळत बसतो. ऑफिसमधल्या दोघांबरोबर टीम गेम खेळतो, तिथे मजा येते, पण तिथे हरलो तर दोष वाटून घेता येतो.

यूट्यूबवर हेरा या नामवंत खेळाडूचे व्हिडिओ बघतो. २१ पॉपवर (लोकसंख्या २१ झाली की) पुढच्या युगात जाऊन स्काउट्स, म्हणजे हलके घोडेस्वार, काढायची बिल्ड ऑर्डर (कामांचा ठरलेला क्रम) तोंडपाठ आहे. गुर्जर घेतो, कारण २०२२ साली डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं तेव्हापासून ती सिव्ह (संस्कृती) मला आवडते. मेंढ्या मिलमध्ये ठेवायच्या आणि बसल्या जागी अन्न मिळवायचं, ही कल्पनाच भारी वाटते. तरीही प्रत्येक वेळी तेच होतं. समोरचा आर्चर (तिरंदाज) घेऊन लाकडावरच्या माझ्या व्हिलेजरांवर (कामकऱ्यांवर) येतो, पुढे त्या आर्चरांचे क्रॉसबो होतात आणि खेळ संपतो.

सगळे म्हणतात, हरण्यातून शीक. कसं शिकायचं ते कुणी सांगत नाही. हरलो, वाईट वाटलं, दुसरा सामना लावला, पुन्हा हरलो. यात शिकायचं कुठे असतं? शेवटच्या सामन्याचं रेकॉर्डिंग जोडतोय, अरेबिया नकाशा आहे, समोर ब्रिटन्स होते. वेळ असेल त्याने बघावं.

---

सांगलीचा_मुनीम

रेकॉर्डिंग बघितलं. एकदा तुझ्या बाजूने आणि एकदा त्याच्या बाजूने. वयाने तू माझ्या पुतण्याएवढा दिसतोस म्हणून एकेरी लिहितोय.

क्रॉसबो आले आणि खेळ संपला असं तू लिहिलंयस. तसं झालेलं नाही. घड्याळाप्रमाणे सांगतो, समोर रेकॉर्डिंग लावून वाच.

४:३५ ला तुझी लोकसंख्या १५ झाली आणि घरंही पंधरा माणसांपुरतीच होती. तिसरं घर उभं राहायला ५:१० वाजले. घरांत जागा नाही म्हणून व्हिलेजर तयार करणारं टाउन सेंटर पस्तीस सेकंद नुसतं उभं. त्यानंतर तू अन्नासाठी बोअर (रानडुक्कर) आणायला गेलास. तो व्हिलेजर बोअरला घेऊन परत येईपर्यंत तुझी नजर त्याच्यावरून हलली नाही आणि तेवढ्यात रांगेतले व्हिलेजर संपले. आणखी वीस सेकंद गेले. मधे पाच-पाच, दहा-दहा सेकंदांच्या फटी आहेत, त्या मी मोजल्या, पंचावन्न सेकंद भरल्या. व्हिलेजर तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात आणि लूमला (व्हिलेजरांना चिवट करणाऱ्या सुधारणेला) तेवढेच. म्हणजे एकही सेकंद न घालवता २१ पॉपवर फ्यूडलचं (दुसऱ्या युगाचं) बटण साडेसातला दाबता येतं. तू ९:२० ला दाबलंस. हिशेब जुळतो की नाही बघ: एक मिनिट पन्नास सेकंद.

आता पुढचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. फ्यूडलमध्ये जायला १३० सेकंद लागतात, म्हणून तू ११:३० ला पोचलास. तीन स्काउट काढलेस. छान काढलेस, वेळेवर काढलेस. ते त्याच्या लाकडावर पोचले आणि तिथून सत्तर सेकंद तू फक्त तेच स्काउट हाकत होतास. एक व्हिलेजर मारलास, दुसरा अर्धमेला केलास. त्या सत्तर सेकंदांत तुझ्या गावात काय चाललं होतं? टाउन सेंटर रिकामं. अन्न शून्याच्या आसपास, कारण स्काउटला ऐंशी अन्न लागतं आणि तिन्ही स्काउटांनी ते खाल्लं. लाकूड मात्र चारशेच्या वर पडून. साठ लाकडाला एक फार्म होतो. सहा फार्म तुझ्या खिशात होते आणि एकही जमिनीवर नव्हता.

त्याचे सात आर्चर तुझ्या लाकडावर आले ते १५:०० ला. त्यांनी सहा व्हिलेजर मारले. तेवढंच तुझ्या लक्षात राहिलं, कारण ते डोळ्यांसमोर मेले. पण तोवर तुझं टाउन सेंटर एकूण तीन मिनिटं रिकामं होतं. तीन मिनिटं म्हणजे सात व्हिलेजर. बाणांनी सहा मारले आणि सात जन्मालाच आले नाहीत. एक व्हिलेजर ढोबळमानाने मिनिटाला वीसेक लाकूड किंवा अन्न आणतो. सात जणांचं दहा मिनिटांचं काम धर, चौदाशे होतात. नाइटला (जड घोडेस्वाराला) साठ अन्न आणि पंचाहत्तर सोनं लागतं. दहा नाइटांच्या मोलाचा माल तुझ्याकडे आलाच नाही, आणि त्यासाठी समोरच्याला एकही बाण मारावा लागला नाही.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. तोटा मालकाला दिसतो ताळेबंदात, मार्चअखेरीस. पण तो झालेला असतो रोजकीर्दीच्या कुठल्यातरी जून-जुलैच्या पानावर, आणि त्या पानावर तो तोट्यासारखा दिसतसुद्धा नाही. तुझं क्रॉसबोचं तसंच आहे. २१ व्या मिनिटाला तू जीजी (गुड गेम, म्हणजे हार मान्य) लिहिलंस, तो ताळेबंद. ४:३५ हे पान उघडून बघ.

आणि दुसरी गोष्ट. रेकॉर्डिंग समोरच्याच्या नजरेतून कधी बघितलंस का? बघच. यादीत त्याचं नाव निवडलं की त्याला काय दिसत होतं तेच तुला दिसतं. तुला वाटतंय की तो कुणी मोठा सरदार होता. त्याने काय काय केलंय सांगू का? टाउन सेंटरजवळ मारलेली मेंढी अर्धी खाऊन तशीच सोडली, ती सडून गेली. सोन्यावरचा मायनिंग कॅम्प दोन चौकटी लांब बांधला, प्रत्येक जण विनाकारण चालत राहिला. तुझे स्काउट आले तेव्हा घाबरून लाकडावरचे सगळेच्या सगळे टाउन सेंटरमध्ये कोंबले. तुझे स्काउट निघून गेल्यावरही त्यांना बाहेर काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. त्याचे पहिले चार आर्चर त्याच्याच रेंजमागे (आर्चर तयार होतात त्या इमारतीमागे) चाळीस सेकंद उभे होते, त्याला दिसलेच नाहीत. त्याचंही टाउन सेंटर मिळून दीड मिनिट रिकामं होतं. तोही चाचपडतच होता. तुझ्यात आणि त्याच्यात फरक होता दीड मिनिटाचा, म्हणजे तीन-चार व्हिलेजरांचा. बास, एवढाच.

हे धुकं काढून बघितल्याशिवाय कळत नाही. खेळताना आपल्या चुका आपल्याला दिसतात, त्याच्या चुका काळ्या पडद्यामागे असतात, म्हणून तो बिनचूक वाटतो. आमच्याकडे २००० सालच्या आसपास सायबर कॅफेत आम्ही चौघे-पाच जण हा खेळ खेळायचो, तेव्हा शेजारच्याच्या स्क्रीनकडे चोरून बघितलं की भांडणं व्हायची. आता तोच चोरून बघण्याचा हक्क खेळ स्वतःहून देतोय, फुकट, सामना संपल्यावर. तो न घेणं म्हणजे नुकसानच.

काय करायचं ते सांगतो. पुढचे काही आठवडे तुझं ध्येय जिंकणं नाही. फ्यूडलचं बटण दाबेपर्यंत टाउन सेंटर रिकामं ठेवायचं नाही, हे एकच ध्येय. बाकी सगळं बिघडलं तरी बिघडू दे. वहीत तारीख लिही आणि पुढे एकच आकडा लिही, बटण कुठल्या वेळेला दाबलं तो. जिंकलो-हरलो हा रकानाच ठेवू नकोस. ९:२० चं ८:४० झालं, ८:४० चं ८:१५ झालं, की तू सुधारलास. त्या दिवशी सामना हरला असलास तरी सुधारलास. हे रेटिंगपेक्षा खरं मोजमाप आहे, कारण रेटिंग समोरच्यावरही अवलंबून असतं, तो आकडा फक्त तुझा असतो.

एच दाबलं की टाउन सेंटर समोर येतं. दर काही सेकंदांनी बोट आपोआप तिथे गेलं पाहिजे, बोअर आणताना, स्काउट हाकताना, लढाईच्या मधोमधसुद्धा. याची सवय सामन्यात लागत नाही. खेळातच आर्ट ऑफ वॉर नावाचे सरावाचे धडे आहेत, त्यातला अर्ली इकॉनॉमीचा धडा सुवर्णपदक मिळेपर्यंत कर. कंटाळवाणा आहे, पण कर.

सिव्हबद्दल एक विनंती. गुर्जर सुंदर आहेत, मलाही आवडतात, पण मेंढ्या मिलमध्ये किती ठेवायच्या, कधी ठेवायच्या, यात तुझं अर्धं डोकं जातंय. थोडे दिवस फ्रँक्स घे. त्यांना फार्मच्या सुधारणा फुकट मिळतात, बेरी लवकर गोळा होतात, घोडदळाला वीस टक्के जास्त जीव असतो. डोक्यावरचा भार कमी होतो आणि जे शिकायचंय तेवढंच समोर राहतं. टाउन सेंटर हाताखाली आलं की परत गुर्जर घे.

आणि शेवटी जीजी लिहिलंस की लगेच बाहेर पळू नकोस. विचार, मी कुठे कमी पडलो. निम्मे लोक काही बोलत नाहीत, पण उरलेले सांगतात. एकदा ब्राझीलच्या एका गड्याने मला धुतला, मी विचारलं, तर त्याने दोनच शब्द टाकले: मोअर फार्म्स. इंग्रजी त्याचंही यथातथाच, माझंही. पण त्या दोन शब्दांवर माझा पुढचा सबंध पावसाळा गेला.

---

गणितवाली_वर्धा

मुनीमजींचं विश्लेषण वाचून खेळ लावावासा वाटला! मी शाळेत गणित शिकवते, रात्री खेळते. धडधडीच्या मुद्द्यावर थोडं सांगते, कारण मला त्यातून गणितानेच बाहेर काढलं.

रेटिंगची ही पद्धत आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी तयार केली. मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये घेतली आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७० मध्ये. तिचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निकालाची शक्यता सांगता येते. दोघं सारखे असतील तर निम्मी-निम्मी. शंभरचा फरक असेल तर वरच्याची शक्यता ६४ टक्के. दोनशेचा असेल तर ७६ टक्के.

आता तुम्ही म्हणता, समोरचा पन्नासने वर दिसला की हात गार पडतात. पन्नासच्या फरकाला तुमची शक्यता ४३ टक्के आहे. शंभर वेळा खेळलात तर त्रेचाळीस वेळा तुम्ही जिंकणार. यात गार पडण्यासारखं काय आहे?

खेळ तुम्हाला मुद्दाम तुमच्या जोडीचा माणूस शोधून देतो. म्हणजे तुम्ही तुमच्या खऱ्या जागी पोचलात की निम्मे सामने हरणार. सुधारलात, वर गेलात, की तिथे नवे लोक भेटणार आणि पुन्हा निम्मे हरणार. बाराशेवालाही निम्मे हरतो, सतराशेवालाही निम्मेच हरतो. एआयला तुम्ही कायम हरवत होता, कारण तो तुमच्याबरोबर वर येत नाही. हॉस्टेलच्या मजल्यावरही तेच होतं. तुम्ही तिथे अव्वल होता, पण मजला तेवढाच होता.

आणखी एक आकडा देते, तो मी नववीच्या पोरांना नाणं उडवायला लावून दाखवते. निम्मी-निम्मी शक्यता असताना शंभर सामन्यांत सलग पाच पराभव एकदा तरी येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर असते. सलग पाच हरलात तर तुमचं काही बिघडलंय असं नाही. जवळपास प्रत्येकाला ते भोगावं लागतं. नाणं काही उदास होत नाही, आपण होतो, एवढाच फरक.

रेटिंग न बघण्याबद्दल: टी-नाइंटी हा या खेळाचा समालोचक हिडन कप नावाची स्पर्धा घेतो ती बघा. त्यात मोठमोठे खेळाडू इतिहासातल्या व्यक्तींच्या नावाखाली खेळतात, समोर कोण आहे हे त्यांनाही माहीत नसतं. नाव काढून घेतलं की फक्त खेळ उरतो. मी सामना सुरू होताना समोरच्याच्या नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवायचे. खरंच चिकटवायचे. आता लागत नाही.

---

रात्रपाळी_परिचारिका

सगळं पटलं, पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते.

मी बारा तासांची ड्यूटी करून येते. तेव्हा वही, आकडे, रेकॉर्डिंग हे माझ्याच्याने होत नाही आणि ते करायलाच हवं असंही मला वाटत नाही. मुनीमदादांनी जे सांगितलंय ते ज्याला वर जायचंय त्याच्यासाठी सोन्यासारखं आहे. पण भिडस्त, तुला नेमकं काय हवंय हे आधी तू ठरव. टीम गेममध्ये मजा येते असं तू लिहिलंयस, ती मजा खोटी नाही. मी आणि माझी बहीण तीन वर्षांपासून फक्त टीम गेम खेळतो. ती हैदराबादला, मी इथे. रोज बोलणं होतं ते खेळाच्या निमित्ताने.

दुसरं म्हणजे, हरल्या हरल्या रेकॉर्डिंग बघू नकोस. त्या रात्री तुला फक्त स्वतःचा मूर्खपणा दिसेल, बाकी काही दिसणार नाही. मी वॉर्डात बघते, काही बिनसलं की त्याच क्षणी चर्चा केली तर माणसं एकमेकांवर धावून जातात. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसलं की तीच माणसं नीट सांगतात कुठे काय झालं.

आणि चॅट. तू लिहिलं नाहीयेस, पण मला शंका आहे की त्या धडधडीत याचाही वाटा असेल. काही जण जिंकताना सारखे अकरा नंबरचं हसणं (खेळातला तयार आवाज) वाजवतात, घाण लिहितात. असं पहिलं वाक्य आलं की लगेच म्यूट कर. दुसऱ्या वाक्याची वाट बघू नकोस. तिथे सहनशक्ती दाखवून कुणी मोठं होत नाही. मुली आहोत हे कळल्यावर आम्हाला काय काय ऐकावं लागलंय ते इथे लिहीत नाही. म्यूट केल्यावर खेळ किती छान वाटतो हे मात्र सांगते.

---

सांगलीचा_मुनीम

ताई, दुसऱ्या दिवशी बघण्याचं तुमचं म्हणणं मान्य. फक्त फार दिवस ठेवू नये, खेळाचा अपडेट आला की जुनी रेकॉर्डिंगं बऱ्याचदा उघडत नाहीत.

हौसेने खेळणाऱ्याने वही घालू नये हेही बरोबर. पण हा मुलगा बटणावर बोट ठेवून परत फिरतोय, म्हणजे त्याला जायचंय. जायचं नसतं तर त्याने रेकॉर्डिंग जोडलं नसतं. माझा आग्रह तेवढ्यासाठी.

---

भिडस्त_स्काउट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ताईंनी चॅटबद्दल लिहिलेलं अगदी खरं आहे. एका सामन्यात मी अजून डार्क एजमध्ये (पहिल्या युगात) असताना एकाने माझ्या रेटिंगवरून काहीबाही लिहिलं होतं, आणि त्यानंतर माझं बटण दाबणं कमी झालं होतं. हे मी स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. आता चॅट सुरुवातीलाच बंद करतो आणि शेवटी जीजीपुरता उघडतो.

मुनीमकाका, ते रेकॉर्डिंग त्याच्या बाजूने बघितलं. त्याचे चार आर्चर रेंजमागे उभे आहेत आणि तो तिकडे कॅमेरा लांबवर फिरवून तेच शोधतोय, हे बघताना मला कसं वाटलं ते सांगता येत नाही. मी त्या वेळी इकडे घामाघूम होतो आणि तो तिकडे स्वतःचेच आर्चर शोधत होता.

वही केली आहे. फ्रँक्स घेतले. अर्ली इकॉनॉमीच्या धड्यात रौप्यपदकावर अडकलोय. बटणाची वेळ बहुतेक वेळा ८:३० च्या आत येते, एकदा ८:०५ आली. त्या ८:०५ च्या सामन्यात मी हरलो आणि तरी उठून खिडकीशी जाऊन हसत उभा राहिलो, रूममेटने विचारलं जिंकलास का. रेटिंग साधारण तिथेच आहे, थोडं खाली-वर.

आता नवीन प्रश्न. टाउन सेंटरकडे बघायला लागलो तसे माझे स्काउट मरायला लागलेत. पूर्वी त्यांना हाकायचो तेव्हा ते जगायचे. आता मी एच दाबून परत येईपर्यंत समोरच्याचे भालेवाले त्यांना गाठतात. स्काउट काढूच नयेत का? सरळ आर्चरवर जाऊ? नवं रेकॉर्डिंग जोडतोय. यात १३:२० पासून बघा.

---

सांगलीचा_मुनीम

बघितलं. स्काउट सोडू नकोस. ते मरतायत कारण तू त्यांना शत्रूच्या गावात सोडून घरी बघायला येतोस. क्रम उलटा कर. एच दाबायच्या आधी त्यांना मागे घे, मोकळ्या रानात आण, मग घरी ये, चार व्हिलेजर रांगेत टाक, फार्म टाक, घर टाक, आणि परत जा. चार व्हिलेजर म्हणजे शंभर सेकंद निवांत. तेवढ्यात एक छापा व्यवस्थित होतो. १३:२० ला तू हेच उलट्या क्रमाने केलंयस, म्हणून तिघेही गेले.

भालेवाले दिसले की तिथे लढायचंच नाही. स्काउट त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने पळतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला जा, तिथे बेरीवर किंवा सोन्यावर कुणीतरी असतंच. भालेवाले चालत तिकडे पोचेपर्यंत तू परत लाकडावर. एकही व्हिलेजर मारला नाहीस तरी चालेल, त्याला सारखं गावाकडे बघायला लावलंस की त्याचं टाउन सेंटर रिकामं पडतं.

रविवारी दुपारी यार्ड बंद असतं, मी मोकळा आहे. तीन वाजता लॉबी लावतो, अनरँक्ड. तू स्काउट आण, मी भालेवाले घेऊन बसतो, आणि हेच पुन्हा पुन्हा करू. गणितवाली बाई, तुम्हाला प्रेक्षक म्हणून यायचं असेल तर जागा ठेवतो.

---

गणितवाली_वर्धा

येते. पण प्रेक्षक म्हणून नाही, मलाही स्काउट द्या. माझेही तिथेच मरतात.